जॅकी मिलबर्न

जॉन एडवर्ड थॉम्पसन मिलबर्न (११ मे, १९२४:अ‍ॅशिंग्टन, नॉर्थम्बरलँड, इंग्लंड – ९ ऑक्टोबर, १९८८:अ‍ॅशिंग्टन, इंग्लंड) हे इंग्लंडचे व्यावसायिक फुटबॉल खेळाडू होते. न्यूकॅसल युनायटेड या संघाकडून १९४३ ते १९५७ या काळात खेळताना त्यांनी ३९७ अधिकृत सामन्यांत २०० गोल केले. हा क्लबचा विक्रम २००६ पर्यंत टिकला. १९५१, १९५२ आणि १९५५ असे तीन वेळा एफ.ए. कप जिंकणाऱ्या न्यूकॅसल संघात त्यांचा समावेश होता. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून ते १३ सामने खेळले व त्यांत त्यांनी १० गोल केले.

मिलबर्न हे खाणकामगार आणि फुटबॉलपटू यांच्या एका मोठ्या घराण्यातले होते. १९६६ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातील जॅक आणि बॉबी चार्लटन हे बंधू याच घराण्यातील कन्येचे पुत्र होत. ईशान्य इंग्लंडमध्ये मिलबर्न यांना वोर जॅकी या नावाने ओळखले जाई. तेथील बोलीत वोर म्हणजे आपला. जे घरचे आहेत, ज्यांच्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, त्यांच्याच नावामागे हा शब्द लागतो.

घराणे

न्यूकॅसल शहराच्या उत्तरेला असलेले अ‍ॅशिंग्टन हे कोळशाच्या खाणींवर वसलेले गाव होते. जगातील सर्वांत मोठे खाणगाव अशी त्याची ख्याती होती. कामगारांची घरे खाण कंपनीने लांबलचक रांगांत बांधली होती व त्या रांगांना पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमच दिलेले होते. जॅकी मिलबर्न यांचा जन्म यांपैकी सहाव्या रांगेतील घरात झाला. त्यांचे वडील अ‍ॅलेक खाणीत कोळसा कापण्याचे काम करीत.

अशा गावात मुलग्यापुढे दोनच वाटा दिसत. एक जमिनीखाली जाणारी, जी बहुतेकांच्या वाट्याला येई. आणि दुसरी फुटबॉलच्या मैदानातून जाणारी, जी फार थोड्यांना लाभे. मिलबर्न घराण्याने या दोन्ही वाटा चोखाळल्या. टॅनर या टोपणनावाने ओळखले जाणारे एक मिलबर्न अ‍ॅशिंग्टन संघाचे गोलरक्षक होते. हा लहानसा गावसंघ १९२१ ते १९२९ या काळात फुटबॉल लीगच्या तिसऱ्या श्रेणीतही खेळला. टॅनर यांचे चार मुलगे जॅक, जॉर्ज, जिम आणि स्टॅन हे पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू झाले आणि चौघेही बचावफळीत खेळले. जॅक, जॉर्ज आणि जिम यांनी लीड्स युनायटेडचे प्रतिनिधित्व केले. जॉर्ज यांनी नंतर चेस्टरफिल्डकडून खेळताना एकाच सामन्यात पेनल्टीवर तीन गोल करण्याची दुर्मीळ कामगिरी केली. धाकटे स्टॅन हे चेस्टरफिल्ड, लेस्टर सिटी आणि रॉचडेल या संघांतून खेळले. १९५४ मध्ये चेल्सीविरुद्धच्या सामन्यात चेंडू दूर मारण्याच्या प्रयत्नात स्टॅन आणि त्यांचे सहकारी जॅक फ्रॉगॅट या दोघांचे पाय एकाच वेळी चेंडूला लागले व तो त्यांच्याच गोलात गेला. हा स्वयंगोल दोघांच्या नावे विभागून नोंदला गेला.

या चौघा भावांची बहीण एलिझाबेथ घरात सिसी या नावाने ओळखली जाई. ती जॅकी मिलबर्न यांची चुलत बहीण. फुटबॉलचे तिचे ज्ञान आणि वेड भावांपेक्षा कमी नव्हते. तिने अ‍ॅशिंग्टनमधील रॉबर्ट चार्लटन या खाणकामगाराशी विवाह केला.

बालपण आणि खाण

जॅकी यांना लहानपणापासून दोन गोष्टींची आवड होती: चेंडू आणि धावणे. शाळेतील शर्यती ते सहज जिंकत. पुढे व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही उत्तरेकडे पैशांच्या बक्षिसांसाठी होणाऱ्या धावण्याच्या शर्यतींत त्यांनी भाग घेतला. फुटबॉलच्या मैदानावरील त्यांच्या यशाचे मूळ या वेगात होते.

वयाच्या १४ व्या वर्षी, १९३८ मध्ये, त्यांचे शिक्षण संपले. मुलाने खाणीत जाऊ नये असे अनेक खाणकामगारांच्या घरांत वाटे. जॅकी यांनाही प्रथम दक्षिण इंग्लंडमधील डॉर्किंग येथे एका घरी नोकर म्हणून पाठवण्यात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही व थोड्याच काळात ते परतले. काही दिवस दुकानात काम केल्यानंतर ते अखेर खाणीतच दाखल झाले. तेथे त्यांनी शिकाऊ फिटर म्हणून यंत्रदुरुस्तीचे काम शिकण्यास आरंभ केला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर देशाला कोळशाची निकड होती, त्यामुळे या कामातील तरुणांना लष्करी भरतीतून वगळण्यात आले. जॅकी यांची युद्धाची वर्षे अशा रीतीने खाणीत आणि मैदानावर गेली.

न्यूकॅसल युनायटेडमध्ये प्रवेश

१९४३ च्या उन्हाळ्यात न्यूकॅसल युनायटेडने नव्या खेळाडूंसाठी चाचणी सामने ठेवले होते. जॅकी यांनी पत्र पाठवून चाचणीची संधी मागितली. पहिल्या सामन्यात त्यांचा खेळ निवडकर्त्यांच्या नजरेत भरला. दुसऱ्या सामन्यात मध्यंतराला त्यांचा संघ मागे होता. उत्तरार्धात एकट्या जॅकी यांनी सहा गोल करून सामन्याचे चित्र पालटले. क्लबचे संचालक स्टॅन सीमूर यांनी त्यांना करारबद्ध केले. सीमूर स्वतः १९२४ चा एफ.ए. कप जिंकणाऱ्या न्यूकॅसल संघाचे खेळाडू होते व त्या अंतिम सामन्यात त्यांनी गोलही केला होता. तो विजय २६ एप्रिल, १९२४ रोजी, म्हणजे जॅकी यांच्या जन्माच्या अवघे पंधरा दिवस आधी मिळाला होता.

युद्धकाळात नियमित लीग स्पर्धा स्थगित होत्या. त्यांच्या जागी होणाऱ्या प्रादेशिक सामन्यांत जॅकी यांनी ३८ गोल केले. हे गोल अधिकृत आकडेवारीत धरले जात नाहीत. या काळात त्यांची खाणीतील नोकरी चालूच होती. शनिवारी सकाळची पाळी करून दुपारी सेंट जेम्स पार्क मैदानावर सामना खेळायचा, असा त्यांचा दिनक्रम असे. व्यावसायिक खेळाडू झाल्यावरही काही वर्षे त्यांनी खाणीतील काम सोडले नाही. फुटबॉलचे उत्पन्न दुखापतीच्या एका क्षणात थांबू शकते, हाताला असलेला धंदा मात्र राहतो, हा विचार त्या काळच्या अनेक खेळाडूंना सोडवत नसे.

त्यांचे अधिकृत पदार्पण जानेवारी १९४६ मध्ये एफ.ए. कपच्या सामन्यात बार्न्सलीविरुद्ध झाले. त्या हंगामापुरते कपचे सामने दोन टप्प्यांत खेळवले जात होते. सेंट जेम्स पार्कवरील पहिला सामना न्यूकॅसलने ४–२ असा जिंकला व जॅकी यांनी त्यात दोन गोल केले. परंतु दुसऱ्या सामन्यात ०–३ अशी हार पत्करावी लागून संघ स्पर्धेबाहेर गेला.

नवव्या क्रमांकाची जर्सी

युद्धानंतर न्यूकॅसल दुसऱ्या श्रेणीत होते, पण प्रेक्षकांची गर्दी पहिल्या श्रेणीलाही लाजवील अशी होती. ५ ऑक्टोबर, १९४६ रोजी संघाने न्यूपोर्ट काउंटीचा १३–० असा पराभव केला. पदार्पण करणाऱ्या लेन शॅकल्टन यांनी सहा, चार्ली वेमन यांनी चार, तर मिलबर्न यांनी दोन गोल केले. आघाडीच्या या खेळाडूंचा संच मात्र फार काळ एकत्र राहिला नाही. १९४७ च्या शरदात वेमन साउथॅम्प्टनला गेले, तर फेब्रुवारी १९४८ मध्ये शॅकल्टन जवळच्याच प्रतिस्पर्धी संडरलँडकडे गेले.

वेमन गेल्यानंतर आघाडीच्या मध्यभागी पोकळी निर्माण झाली. तोवर मिलबर्न बहुधा बगलेवर किंवा आतल्या जागेवर खेळत. व्यवस्थापक जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना सेंटर फॉरवर्डच्या जागी आणण्याचे ठरवले. मिलबर्न या बदलास फारसे उत्सुक नव्हते. न्यूकॅसलमध्ये या जागेचा मान आणि भार दोन्ही मोठे होते. १९२६–२७ च्या हंगामात लीगमध्ये ३६ गोल करून संघाला विजेतेपद मिळवून देणारे कर्णधार ह्यूई गॅलॅकर याच जागेवर खेळले होते आणि त्यांच्या नंतरच्या प्रत्येकाची तुलना त्यांच्याशी होई. ऑक्टोबर १९४७ मध्ये बरीविरुद्धच्या सामन्यात मिलबर्न प्रथमच ९ क्रमांकाची जर्सी घालून उतरले व त्यांनी तीन गोल केले. न्यूकॅसलने तो सामना ५–३ असा जिंकला. हंगामाअखेर दुसरे स्थान मिळवून संघाने पहिल्या श्रेणीत प्रवेश केला. त्या वर्षी सेंट जेम्स पार्कवर लीगच्या सामन्यांना सरासरी ५६ हजारांहून अधिक प्रेक्षक आले.

मिलबर्न हे रूढ अर्थाने सेंटर फॉरवर्ड नव्हते. त्या काळी या जागेवरील खेळाडूकडून अंगाने धिप्पाड असण्याची आणि हवेतील चेंडू डोक्याने मारण्याची अपेक्षा असे. मिलबर्न हे मानेच्या स्नायूंच्या दुखण्यामुळे डोक्याने चेंडू खेळणे शक्यतो टाळत. त्यांचे बळ वेगात आणि दोन्ही पायांच्या फटक्यात होते. प्रतिस्पर्धी बचावपटूंच्या मागील मोकळ्या जागेत चेंडू पडताच ते तो गाठत व धावण्याचा वेग न मोडता दूरवरून गोलावर मारा करीत. बगलेवर खेळण्याचा अनुभव त्यांना येथे उपयोगी पडला. मधल्या जागेवरून ते कडेला सरकत आणि त्यांच्यामागे येणाऱ्या बचावपटूमुळे मध्यभागी इतरांसाठी वाट मोकळी होई.

पहिल्या श्रेणीत आल्यावर न्यूकॅसलने १९४८–४९ मध्ये चौथे, पुढील वर्षी पाचवे आणि १९५०–५१ मध्ये पुन्हा चौथे स्थान मिळवले. १९४८ मध्येच मिलबर्न यांचा लॉरा ब्लॅकवुड यांच्याशी विवाह झाला.

एफ.ए. कपमधील कामगिरी

१९५१: १९५०–५१ च्या स्पर्धेत मिलबर्न यांनी प्रत्येक फेरीत गोल केला. ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्धची उपांत्यपूर्व फेरी आणि वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सविरुद्धची उपांत्य फेरी या दोन्ही बरोबरीत सुटून पुन्हा खेळवाव्या लागल्या व दोन्ही फेरसामन्यांत त्यांनी गोल केला. २८ एप्रिल, १९५१ रोजी वेम्बली येथे अंतिम सामन्यात न्यूकॅसलची गाठ ब्लॅकपूलशी पडली. ब्लॅकपूलच्या स्टॅन्ले मॅथ्यूज यांना अद्याप विजेत्याचे पदक मिळालेले नव्हते व देशभरातील तटस्थ प्रेक्षकांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. पूर्वार्ध गोलशून्य गेला. उत्तरार्धाच्या आरंभी पाच मिनिटांच्या अंतरात मिलबर्न यांनी दोन गोल केले. पहिल्या वेळी बचावफळी भेदून ते एकटेच गोलरक्षकासमोर पोहोचले. दुसऱ्या वेळी अर्नी टेलर यांनी टाचेने मागे सरकवलेला चेंडू त्यांनी सुमारे २५ यार्डांवरून डाव्या पायाने जाळ्यात मारला. न्यूकॅसल २–० असे विजयी झाले. १९३२ नंतर क्लबला मिळालेला हा पहिलाच एफ.ए. कप होता.

१९५२: पुढील वर्षी उपांत्यपूर्व फेरीत पोर्ट्समथच्या मैदानावर मिलबर्न यांनी तीन गोल केले व न्यूकॅसलने सामना ४–२ असा जिंकला. अंतिम सामन्यात आर्सेनलचे वॉली बार्न्स जखमी होऊन बाहेर गेले. बदली खेळाडूची सोय त्या काळी नसल्याने आर्सेनलला दहा जणांनिशी खेळावे लागले. चिलीत जन्मलेल्या जॉर्ज रोब्लेडो यांच्या एकमेव गोलावर न्यूकॅसलने विजय मिळवला. कप सलग दोन वर्षे राखण्याची कामगिरी विसाव्या शतकात प्रथमच घडली. त्याआधी ती १८९० व १८९१ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सने केली होती.

१९५५: ७ मे, १९५५ रोजी मँचेस्टर सिटीविरुद्ध अंतिम सामना झाला तेव्हा मिलबर्न ३१ वर्षांचे होत आले होते. दुखापतींमुळे संघातील त्यांचे स्थान पूर्वीइतके निश्चित नव्हते. त्या दिवशी ९ क्रमांकाची जर्सी व्हिक कीबल यांच्याकडे होती व मिलबर्न ८ क्रमांक घालून उतरले. व्यवस्थापक डग लिव्हिंगस्टन यांनी तयार केलेल्या मूळ यादीत त्यांचे नाव नव्हते आणि सीमूर यांच्या आग्रहाने ते घालण्यात आले, असे सांगितले जाते. सामना सुरू होऊन ४५ सेकंद झाली असता लेन व्हाइट यांनी मारलेला कॉर्नर मोकळ्या उभ्या असलेल्या मिलबर्न यांच्यापर्यंत आला आणि त्यांनी तो डोक्याने गोलात मारला. डोक्याने गोल करणे ज्यांच्या खेळात जवळजवळ नव्हतेच, त्यांनी केलेला हा गोल वेम्बलीवरील एफ.ए. कप अंतिम सामन्यांतील सर्वांत जलद गोल ठरला. चेल्सीच्या रॉबर्टो दी मातेओ यांनी १९९७ मध्ये तो विक्रम मोडला. सिटीचे जिमी मेडोज जखमी झाल्याने त्यांचा संघ दहा खेळाडूंवर आला. बॉबी मिचेल आणि जॉर्ज हॅना यांच्या गोलांमुळे न्यूकॅसलने सामना ३–१ असा जिंकला. देशांतर्गत मोठी स्पर्धा पुन्हा जिंकण्यासाठी क्लबला त्यानंतर ७० वर्षे, २०२५ च्या लीग कपपर्यंत, वाट पाहावी लागली.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

मिलबर्न यांनी इंग्लंडकडून ९ ऑक्टोबर, १९४८ रोजी बेलफास्ट येथे उत्तर आयर्लंडविरुद्ध पदार्पण केले. इंग्लंडने ६–२ असा विजय मिळवला व मिलबर्न यांनी एक गोल केला. १५ ऑक्टोबर, १९४९ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध त्यांनी हॅट-ट्रिक केली.

१९५० च्या विश्वचषकासाठी ब्राझीलला गेलेल्या इंग्लंड संघात त्यांची निवड झाली होती. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात इंग्लंडला ०–१ असा अनपेक्षित पराभव पत्करावा लागला. त्या सामन्यात मिलबर्न खेळले नाहीत. त्यानंतर रिओ दी जानेरो येथील मराकाना मैदानावर स्पेनविरुद्ध त्यांना स्थान मिळाले. त्यांनी डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला, परंतु पंचांनी तो ऑफसाइड ठरवला. इंग्लंडने सामना ०–१ असा गमावला आणि संघ स्पर्धेतून बाद झाला. ऑक्टोबर १९५५ मध्ये डेन्मार्कविरुद्ध मिलबर्न शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळले. त्या काळी टॉमी लॉटन, स्टॅन मॉर्टनसन आणि पुढे नॅट लॉफ्टहाउस यांच्यासारखे आघाडीचे खेळाडू उपलब्ध असल्याने त्यांना संघात दीर्घकाळ जागा मिळाली नाही.

वेतनमर्यादेचा काळ

मिलबर्न यांची संपूर्ण इंग्लिश कारकीर्द खेळाडूंच्या कमाल वेतनमर्यादेच्या काळात गेली. खेळाडू कितीही लोकप्रिय असला तरी लीगने ठरवलेल्या आठवडी रकमेपेक्षा अधिक वेतन त्याला देता येत नसे. जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा रद्द झाली तेव्हा ती आठवड्याला २० पौंड होती. मिलबर्न यांच्या खेळाच्या बहराच्या वर्षांत ती याहून कमी होती. शिवाय करार संपल्यावरही क्लबच्या संमतीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. ५०–६० हजार प्रेक्षक ज्यांच्यासाठी तिकीट काढत, त्यांचे उत्पन्न त्या प्रेक्षकांतील कुशल कामगाराच्या उत्पन्नापेक्षा फार मोठे नसे. न्यूकॅसलच्या लोकांना मिलबर्न आपल्यातले वाटत, त्यामागे स्वभावाच्या साधेपणाइतकेच हे वास्तवही होते. त्यांनी खाणीची पाळी केली होती आणि प्रसिद्धी मिळाल्यावरही त्यांचे राहणीमान प्रेक्षकांहून वेगळे झाले नाही.

लिनफिल्ड

१९५७ मध्ये ३३ व्या वर्षी मिलबर्न यांनी न्यूकॅसल सोडले आणि बेलफास्टमधील लिनफिल्ड या क्लबमध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून ते रुजू झाले. लिनफिल्डचे घरचे मैदान विंडसर पार्क हे होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी इंग्लंडकडून पदार्पण केले ते याच मैदानावर. पहिल्याच हंगामानंतर त्यांची अल्स्टरमधील वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून निवड झाली. त्यांच्या कार्यकाळात लिनफिल्डने १९५८–५९ ची लीग आणि १९६० चा आयरिश कप जिंकला. १९५९ मध्ये युरोपियन कपच्या प्राथमिक फेरीत स्वीडनच्या गोटेनबर्गविरुद्ध बेलफास्ट येथे लिनफिल्डने २–१ असा विजय मिळवला. दोन्ही गोल ३५ वर्षांच्या मिलबर्न यांनी केले. परतीच्या सामन्यात मात्र संघ १–६ असा पराभूत झाला. १९६० मध्ये ते इंग्लंडला परतले आणि लंडनजवळील यूझ्ली या लहान क्लबचे खेळाडू-व्यवस्थापक झाले.

इप्सविच टाउनचे व्यवस्थापन

जानेवारी १९६३ मध्ये इप्सविच टाउनने मिलबर्न यांची व्यवस्थापक म्हणून नेमणूक केली. क्लबला तिसऱ्या श्रेणीतून उचलून १९६१–६२ मध्ये थेट लीगच्या विजेतेपदापर्यंत नेणारे अल्फ रॅम्सी हे इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे घेण्यासाठी तेथून निघाले होते. मिलबर्न यांच्या हाती आलेला संघ वयाने वाढलेला होता. रॅम्सी यांनी ज्या विशिष्ट डावपेचांवर विजेतेपद मिळवले, ते आता प्रतिस्पर्ध्यांना उमगले होते. मोठ्या श्रेणीतील व्यवस्थापनाचा मिलबर्न यांना अनुभव नव्हता.

१९६३–६४ चा हंगाम इप्सविचसाठी विदारक ठरला. २६ डिसेंबर, १९६३ रोजी फुलमने त्यांचा १०–१ असा धुव्वा उडवला. संपूर्ण हंगामात १२१ गोल स्वीकारून इप्सविच तळाशी राहिले व दोनच वर्षांपूर्वीचा विजेता संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. या ताणाचा मिलबर्न यांच्या प्रकृतीवर परिणाम झाला. सप्टेंबर १९६४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. खेळाडू म्हणून मिळालेल्या यशाचा मागमूसही या पर्वात दिसला नाही.

पत्रकारिता

इप्सविच सोडल्यानंतर मिलबर्न ईशान्य इंग्लंडमध्ये परतले आणि न्यूज ऑफ द वर्ल्ड या साप्ताहिक वृत्तपत्रासाठी फुटबॉलविषयी लिहू लागले. हे काम त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ केले. सेंट जेम्स पार्कवरील पत्रकार कक्षातील त्यांची उपस्थिती नित्याची झाली. मे १९६७ मध्ये, क्लब सोडून दहा वर्षे झाल्यावर, त्यांच्या सन्मानार्थ निधी सामना आयोजित करण्यात आला. खेळणे थांबवलेल्या खेळाडूसाठी इतक्या वर्षांनंतर किती लोक येतील याची त्यांना धास्ती होती. प्रत्यक्षात सुमारे ४५ हजार प्रेक्षक आले. न्यूकॅसल शहराचे मानद नागरिकत्व मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू होते.

घराण्याची पुढील पिढी

सिसी चार्लटन यांचे थोरले पुत्र जॅक (जन्म १९३५) आणि त्यांच्याहून धाकटे बॉबी (जन्म १९३७) हे अ‍ॅशिंग्टनमध्येच वाढले. मुलांना खेळाचे पहिले धडे आईने दिले. बालपणी बॉबी यांचे आदर्श घरातीलच होते: सेंट जेम्स पार्कवर ९ क्रमांकाच्या जर्सीत धावणारे आईचे चुलत भाऊ. जॅक यांनी काही काळ खाणीत काम करून पाहिले व ते सोडून लीड्स युनायटेडची वाट धरली. त्यांचे मामा जिम मिलबर्न तेव्हा तेथे खेळत होते. बॉबी १९५३ मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये दाखल झाले.

३० जुलै, १९६६ रोजी वेम्बली येथे विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघात दोघे भाऊ होते. संघाचे व्यवस्थापक रॅम्सी होते, ज्यांची इप्सविचमधील जागा मिलबर्न यांना भरून काढता आली नव्हती. त्याच स्पर्धेत बॉबी पोर्तुगालविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन गोल करीत असताना त्यांचे वडील रॉबर्ट खाणीत पाळीवर होते. पुढे १९८४–८५ मध्ये जॅक चार्लटन यांनी न्यूकॅसल युनायटेडचे व्यवस्थापकपद सांभाळले.

निधन आणि स्मृती

मिलबर्न यांचे ९ ऑक्टोबर, १९८८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने अ‍ॅशिंग्टन येथे निधन झाले. इंग्लंडकडून खेळलेल्या पहिल्या सामन्याला त्या दिवशी बरोबर ४० वर्षे पूर्ण झाली होती. न्यूकॅसलमधील सेंट निकोलस कॅथेड्रल येथे त्यांचे अंत्यविधी झाले. त्या दिवशी अंत्ययात्रेच्या मार्गावर दुतर्फा हजारो लोक उभे होते. त्यांच्या अस्थी सेंट जेम्स पार्कच्या गॅलोगेट बाजूला विसर्जित करण्यात आल्या. ज्या अ‍ॅशिंग्टन खाणीवर ते गाव उभे राहिले होते, ती खाणही त्याच वर्षी बंद झाली.

सेंट जेम्स पार्कच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाला मिलबर्न स्टँड हे नाव देण्यात आले आहे. न्यूकॅसल शहरात आणि अ‍ॅशिंग्टनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. २००६ मध्ये इंग्लिश फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. त्याच वर्षी ४ फेब्रुवारी रोजी अ‍ॅलन शिअरर यांनी पोर्ट्समथविरुद्ध न्यूकॅसलसाठी २०१ वा गोल करून त्यांचा विक्रम मोडला. शिअरर हेही ९ क्रमांकाचीच जर्सी घालत. मिलबर्न यांच्या २०० गोलांत युद्धकाळातील ३८ गोल मिळवल्यास ही संख्या २३८ होते, याकडे जुने प्रेक्षक आवर्जून लक्ष वेधतात.

आकडेवारी आणि सन्मान

न्यूकॅसल युनायटेड (अधिकृत सामने):
फुटबॉल लीग – ३५३ सामने, १७७ गोल
एफ.ए. कप – ४४ सामने, २३ गोल
एकूण – ३९७ सामने, २०० गोल

इंग्लंड (१९४८–१९५५): १३ सामने, १० गोल

न्यूकॅसल युनायटेडकडून: एफ.ए. कप विजेतेपद – १९५१, १९५२, १९५५

लिनफिल्डकडून: आयरिश लीग विजेतेपद – १९५८–५९, आयरिश कप – १९६०